पाठंगुळ्या

आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या सात देवींच्या, डोहाखालचा कडा म्हणजे नुसता उभा काळा कातळ, वरून बारा महिने पाणी झिरपत असलेला. त्या कातळावरून भाद्रपदात, उन्हं यायच्या आधी, अंगठ्याच्या पेराएवढे तपकिरी बेडूक तसूतसूने वर चढत. प्रत्येकाच्या पाठीवर आठ-दहा पिल्लं. पिल्लं कसली, शेपटी असलेले काळे ठिपके. खाली ओल्या पाल्यात अंडी फुटली की पिल्लं बापाच्या पाठीवर चढत आणि बाप त्यांना तीन पुरुष उंचीचा कडा पार करून डोहात सोडून येई. आई अंडी घालून केव्हाच आपल्या वाटेला लागलेली असे. तळकोंड गावाने या बेडकाचं नाव ठेवलं होतं पाठंगुळ्या. पुढे शास्त्रज्ञांनी लांबलचक लॅटिन नाव दिलं, तरी संशोधन केंद्राच्या कागदांवरसुद्धा तो पाठंगुळ्याच राहिला.

त्या सकाळी उज्ज्वला गवस कातळाला गाल टेकून एका नराकडे बघत होती. पाठीवर सात पिल्लं. हातभर चढला तशी डावीकडची दोन सुटली आणि पाण्याबरोबर खाली गेली. बेडूक जरा थांबला, पुन्हा चढू लागला. आणखी तीन सुटली. कड्याच्या मध्यावर येईपर्यंत पाठ रिकामी झाली, आणि तो तसाच वर चालत राहिला, जणू ओझं अजून आहेच.

तिने वहीत लिहिलं, 'सात निघाली. एकही पोचलं नाही.' त्याच्या वरची ओळही तशीच होती, आणि तिच्या वरचीही.

कातळावर केंद्राने टाचणीच्या टोकाएवढे यंत्राचे डोळे बसवले होते. ते बेडूक मोजत, ओळखत, नोंदी थेट पुण्याला पाठवत. पण सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, धुकं उतरलं की ते आंधळे होत, आणि भाद्रपदात धुकं उतरत नाही असा दिवस नाही. म्हणून एकोणीस वर्षं उज्ज्वलाची नोकरी टिकली होती. तिला प्रत्येक नर पाठीवरच्या खुणांवरून ओळखू येई. दोन वर्षांपूर्वी एकशे चाळीस होते, गेल्या वर्षी साठ. यंदा पिल्लं पाठीवर धरून ठेवू शकणारे फक्त चार उरले होते.

कमरेचा फोन थरथरला. कोल्हापूरहून तिच्या लेकीचा, प्राजक्ताचा निरोप होता. 'आई, सहा पट्ट्या राहिल्या. सरांना विचारलंस का?'

उत्तर न देताच तिने फोन पुन्हा खोचला.

पाठंगुळ्याच्या पाठीवर एक चिकट लेप असतो. तो बेडूक स्वतः तयार करत नाही. आसरांच्या डोहाच्या काठाला जी तपकिरी साय धरते, तिच्यात एक जिवाणू राहतो. श्रावणात नर त्या सायीत दिवसेंदिवस बसून राहतात, तेव्हा जिवाणू त्यांच्या कातडीवर वस्तीला येतो आणि केसाहून बारीक धागे विणतो. हे धागे ओल्यातच पकड घेतात. धबधब्याखालीही सुटत नाहीत. पण पिल्लू खोल पाण्यात पोचलं की त्याच्या तोंडातून एक रस पाझरतो आणि धागे विरघळून जातात; ना बापाची कातडी सोलवटत, ना पिल्लाची. ओल्या जागी चिकटणारा आणि न दुखवता सुटणारा डिंक जगात कुणाला बनवता आला नव्हता. कारखान्यातल्या टाकीत तो जिवाणू वाढला, फोफावला, पण धागा विणेना. त्याला जिवंत बेडकाची पाठच लागे. मग डॉक्टर समीर मुजावर यांनी वेगळी रीत बसवली. पिल्लं सोडून आलेल्या नरांपैकी पाचातल्या एकाच्याच पाठीवरून मऊ बोळ्याने लेप उतरवून घ्यायचा आणि त्याच्या पातळ पट्ट्या करायच्या. राज्यात अकरा मुलं त्या पट्ट्यांवर जगत होती.

त्यातली एक उज्ज्वलाची नात, प्राजक्ताची मुलगी शर्वी. कातडीचे दोन थर एकमेकांना बांधून ठेवणारे दोरे तिच्या अंगात जन्मतःच नव्हते. गादीची सुरकुती लागली तरी फोड यायचा, कुणी हात धरला तर हाताची साल निघायची. साधी पट्टी लावावी तर काढताना जखम दुप्पट होई. चार वर्षं ती मुलगी कापसाच्या गादीवर वाढली. तिला कडेवर कुणीच घेतलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही. पाठंगुळ्याच्या पट्ट्या लागल्यावर दोन महिन्यांनी जखमा भरल्या, आणि एका दुपारी तळकोंडच्या घरी उज्ज्वलाने तिला उचललं. शर्वी आधी घाबरून ताठ झाली. मग हळूच म्हणाली, "आजी, तुझ्या खांद्यावरून दूरचं दिसतं."

त्याच संध्याकाळी उज्ज्वलाने डोहाशी जाऊन व्रत बोललं. दरवर्षी नागपंचमी ते कोजागरी, रोज पहाटे स्नान करून, ओलेत्याने, साती आसरांना हळद-कुंकू आणि दुधाचं अर्घ्य. एकही दिवस खंड नाही.

तिच्या हातून व्रत मोडलं नसतं. लहानपणी एकदा तिच्या आईने हरितालिकेला घोटभर पाणी प्यायलं होतं आणि त्याच वर्षी वडील गेले. घरात त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. विसरलंही नाही.

भाद्रपद वद्य पंचमीला, म्हणजे यंदाच्या व्रताच्या पंचेचाळिसाव्या दिवशी, ती अर्घ्य देऊन तशीच कड्याशी आली. उरलेल्या चार नरांपैकी एकाचं वजन घ्यायचं होतं. रबरी हातमोजा अंगठ्याशी फाटला होता, पण दुसरा आणायला केंद्रात जायचं तर अर्धा तास मोडला असता. तिने तसाच बेडूक उचलला, काट्यावर ठेवला, आकडा टिपला आणि परत कातळावर सोडला. त्याच्या पाठीवर नऊ पिल्लं होती. उजव्या अंगाला, तिचा अंगठा टेकला होता तिथे, पिवळा ठसा उमटला होता. तिला त्याचं काही वाटलं नाही. हाताची हळद अशी कुठे कुठे लागतेच.

बेडूक चढू लागला. थोड्या वेळाने उजव्या अंगाची तीन पिल्लं सुटली. तीनच. ठसा होता तेवढ्याच जागेवरची. बाकीची सहा डोहापर्यंत गेली.

तिने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग वर डोहाकडे. झाडांच्या सावलीत डोहाच्या कडेने एक पिवळट रेघ दिसत होती. गेली दोन वर्षं ती रेघ बघून तिला बरं वाटायचं. देवीच्या पायाशी पोचतंय, असं मनात येई.

केंद्रात मुजावर सर खिडकीशी बसून काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होते. तिने अंगठा पुढे केला आणि झालं ते सगळं सांगितलं.

त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "हळद नुसती टाकता की कशात कालवून?"

"दुधात."

"कुठली हळद?"

"ती नवीन वाणाची. सोसायटीतून मिळते ती. रंग फार धरते."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काकू, हळद पाण्यात विरघळत नाही. नुसती टाकली असतीत तर तळाशी बसली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं. तिचा पिवळा अर्क स्निग्धात उतरतो. दुधातून तो पाण्यात पसरला. हळद जखमेवर आपण का लावतो? जंतू मरावेत म्हणून. तिला आपला जंतू कुठला आणि परका कुठला, हे कळत नाही. उन्हात तिचा जोर कमी होतो, पण डोहावर ऊन येतंच कुठे." त्यांनी तिच्या अंगठ्याकडे पुन्हा बघितलं. "पण एका माणसाच्या चिमटीने एवढं व्हायचं नाही."

"मी एकटी नाही, सर." तिचा आवाज खाली गेला. "शर्वी बरी झाली ते बघून गेल्या वर्षापासून बायका येऊ लागल्या. यंदा चाळीस-बेचाळीस असतील."

"रोज?"

"रोज."

त्यांनी टेबलावरच्या नळ्या बाजूला सारल्या. मग म्हणाले, "दीड वर्ष मी शेतातल्या फवारण्या तपासतोय. बुरशी तपासली, हवेचं तापमान तपासलं. आणि रोज सकाळी तुम्ही दिलेला दूधसाखरेचा प्रसाद हातावर घेत होतो."

ते तिला एक शब्द जरी वाकडा बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी पाणी तपासलं. शंकेला जागा उरली नाही. "चार नरांच्या पाठीवर जिवाणू अजून आहे," ते म्हणाले. "आजपासून डोह स्वच्छ राहिला आणि हे चौघे पुन्हा त्यात उतरून बसले, तर साय परत धरेल. दोन पावसाळे लागतील. तोवर या चौघांना बोळा लावायचा नाही. आई-बापांना पत्रं मी लिहितो. तुमच्या लेकीला मात्र तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे उज्ज्वलाने स्नान केलं आणि डोहाशी रिकाम्या हातांनी गेली. शेहेचाळिसावा दिवस. हात जोडले. काय म्हणायचं? खंड पडला म्हणून क्षमा मागायची, की पंचेचाळीस दिवस पडला नाही म्हणून?

बायका देवळाच्या पायरीशी जमलेल्या होत्याच, वाट्या-तांबे घेऊन. तिने सगळ्यांदेखत सांगितलं. आपल्याला येतं तेवढ्या सोप्या भाषेत सांगितलं, आणि पहिली चूक माझी, हेही सांगितलं.

नलूवहिनी गावड्यांची सून, गावात सगळ्यांत आधी बोलणारी. ती म्हणाली, "म्हणजे देवीक हळद सोसता आणि बेडकाक सोसना नाय. मग देव कोण म्हणायचो गो, बेडूक?"

दोघीतिघी हसल्या. एक मागून म्हणाली, "नोकरीवाल्या बायकांचा असाच. आज एक सांगतत, उद्या दुसरा."

देवळाचा म्हातारा बाबी गुरव खांबाला टेकून बसला होता. तो न विचारताच बोलला. "माझो आजो सांगी, आसरांक वर्साक एकदा जावचा. रोज हाक मारूची नाय. त्यांका कामां आसतत."

"मग दोन वर्सां तोंड शिवून बसलास तो?" नलूवहिनी त्याच्यावर उलटली.

"पोरग्या बरा झाला होता," गुरव म्हणाला. "तुमका अडवतलो कोण."

नलूवहिनीने आपली वाटी पदराखाली झाकली. उज्ज्वलाजवळून जाताना ती थांबली आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुज्या नातीसाठीच टाकत होतव गो आमी."

त्या दिवसापासून डोहात कुणी काही टाकलं नाही.

लेकीला तिने फोनवर सगळं सांगितलं. हळद, चार नर, दोन पावसाळे. मग पलीकडून फोन बंद झाला.

चौथ्या दिवशी सकाळी प्राजक्ता स्वतःच कड्याखाली उभी होती. पहिल्या गाडीने आली असावी. केस विंचरलेले नव्हते.

"शर्वी कुणाजवळ?"

"तिच्या बाबाजवळ. कालपासून मानेवरची जखम पिवळी पडलीय. ताप आहे. शेवटच्या दोन पट्ट्या काल लावल्या." तिने हात पुढे केला. हातात केंद्रातला बोळा आणि काचेची नळी होती. येता येता टेबलावरून उचललेली. "कुठे बसलेत ते चौघे?"

"प्राजू, सर म्हणाले..."

"सरांना मूल आहे?"

"आहे. नववीत आहे."

"त्याच्या अंगावर कातडी आहे ना? मग त्यांनी पत्रं लिहावीत."

उज्ज्वलाने बोळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "एकाच्या पाठीतून दोन पट्ट्या होतात. चौघांच्या आठ. पंधरा दिवसांच्या वर पुरणार नाहीत. आणि मग पुढे कधीच नाहीत. आणखी दहा मुलं आहेत गं."

"मला नको सांगूस दहा मुलं. त्यांच्या आयांशी मी रोज बोलते, तू नाही. लातूरची ती रोज सकाळी मला विचारते, आज शर्वी कशी आहे. तिचा मुलगा शर्वीपेक्षा वाईट आहे. आणि मी इथे आलेय, हे तिला ठाऊक नाही." प्राजक्ताचा आवाज चढला नव्हता. तो सपाट होता, खूप रात्री जागलेल्या माणसाचा असतो तसा. "दोन पावसाळे म्हणालीस ना? शर्वीजवळ दोन पावसाळे नाहीत."

"ठाऊक आहे मला."

"एवढं रोज काय मागत होतीस गं तू देवाजवळ?"

"तिला कुणीतरी उचलून घ्यावं, एवढंच."

प्राजक्ताने मान फिरवली.

उज्ज्वलाने तिला अडवायला हवं होतं. एकोणीस वर्षांची नोकरी, सरांचा शब्द, दहा घरं, सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतं. त्यात शर्वीची पिवळी मानही होती. तिने वाट दाखवली.

कड्याच्या पायथ्याशी, नेच्याच्या झुडपाआड, एक नर बसला होता. मागचे पाय पसरून त्याने अंग जमिनीला इतकं दाबून घेतलं होतं की पाठ आणि पाला एका पातळीत आले होते. पिल्लांना चढता यावं म्हणून नर असे बसतात, कधी तासभर, कधी दोन दिवस, शेवटचं पिल्लू येईपर्यंत. आठ चढून झाली होती. नववं पानाच्या कडेवरून शेपटी वळवळवत येत होतं, घसरत होतं, पुन्हा येत होतं.

प्राजक्ता उकिडवी बसली. नववं पिल्लू चढेपर्यंत ती थांबली. का थांबली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग तिने बोळा ओला केला आणि बेडकाच्या पाठीवरून फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शर्वीच्या जखमा पुसून पुसून तिचा हात इतका हलका झाला होता की बेडूक हललाही नाही. पिल्लं एकेक करून पाल्यात ओघळली. बेडूकमासे ओरडत नाहीत. कसलाच आवाज झाला नाही.

तिने बोळा नळीत घातला, बूच लावलं.

"बाकीचे तीन वर आहेत," उज्ज्वला म्हणाली. "दाखवते."

प्राजक्ता उठली. वर कड्याकडे बघितलं, हातातल्या नळीकडे बघितलं. "नको," ती म्हणाली. "मानेपुरतं होईल एवढ्यात." थोडं थांबून म्हणाली, "लातूरच्या बाईला तू सांगू नकोस. मी सांगेन. कधीतरी सांगेन." आणि पायवाटेने उतरू लागली. मागे वळली नाही. धुक्यात आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग ओढणी.

उज्ज्वलाने हात धुतले, पुन्हा धुतले, नखं कातळावर घासली. मग पाल्यातलं एकेक पिल्लू ओल्या तळव्यावर घेतलं. नऊच्या नऊ. दुसऱ्या हाताने कातळ धरत ती कड्याच्या बाजूच्या पायवाटेने वर चढली. गुडघे कुरकुरत होते. दर दहा पावलांना थांबून झऱ्याचे चार थेंब तळव्यावर घेत होती. वर पोचल्यावर डोहात पोटरीभर पाण्यात उतरली आणि तळवा पाण्याखाली नेला. पिल्लं क्षणभर तिच्या रेषांवर थबकली, मग निघून गेली. कडेची पिवळी रेघ अजून पुरती गेली नव्हती. ही मोठी होतील तेव्हा त्यांच्या पाठीवर काही विणलं जाईल की नाही, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. तिने आसरांना काही मागितलं नाही. मागायची तिला भीती वाटली.

ती परत खाली आली तेव्हा धुकं विरून ऊन कातळाला लागलं होतं. नर तिथेच होता. पाय पसरून, अंग जमिनीला दाबून, पाठ पुढे करून. चढणारं कुणी नव्हतं. उघडी पाठ कोरडी पडत चालली होती.

"पोचवली मी," उज्ज्वला त्याच्याशेजारी बसत म्हणाली. "सगळी पोचवली. ऊठ आता, बाबा."

तो हलला नाही.

तिने ओंजळ भरून पाणी आणलं आणि बोटांवरून थेंब थेंब त्याच्या पाठीवर सोडू लागली. ओंजळ संपली की पुन्हा जाऊन आणत होती. दुपारपर्यंत तो तसाच बसून होता, आणि तीही.